घोडा का अडला?

भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना ऐकलं असेल. फिरवलं नाही म्हणून! १९७६ पासून २००९ पर्यंत तेहतीस वर्षं मी मराठी शिकवलं आणि आठवीच्या दर नव्या वर्गाला हे कोडं घातलं. पोरं हसायची, तास सुरू व्हायला मदत व्हायची, आणि "एका शब्दाचे अनेक अर्थ" हा धडा आपोआप पुढे सरकायचा.

१९८६ साली अकोल्यातल्या शाळेत मी हे कोडं घातलं तेव्हा मात्र शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "सर, नुसतं फिरवून भागत नाही. घोडा बसून असला का त्याची चंदी कमी करा लागते. नाही तं फिरवल्यावरच अडते तो."

वर्ग हसला. मलाही वाटलं, पोरगं काहीतरी ठोकून देतंय. पण त्याचा चेहरा गंभीर होता. मी विचारलं, "तुला रे काय ठाऊक?" तर म्हणाला, "आमच्या घरी घोडी हाये न सर. आजोबा सांगते. पहिले ते अमरावतीले टांगा हाके."

अमरावतीला टांगा. मी आडनाव विचारलं, त्याने सांगितलं. मी फळ्याकडे वळून काहीतरी लिहू लागलो. काय लिहिलं ते आता आठवत नाही. इतकंच आठवतं की वर्गाकडे तोंड करायला मला जरा वेळ लागला.

मंडळी, आज जे लिहितोय ते मी कुणालाच फारसं सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, तेही लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर. वय आता चौऱ्याहत्तर. म्हटलं, लिहून टाकावं.

१९६० साल. मी नऊ वर्षांचा. आम्ही अमरावतीत अंबानाल्याच्या जवळ एका वाड्यात भाड्याने राहत होतो. वडील कचेरीत कारकून. वाड्याच्या मागच्या पडवीत एका टांगेवाल्या चाचांचं घोड्याचं ठाण होतं. चाचा वऱ्हाडीच बोलत, अधूनमधून हिंदीची फोडणी. त्यांचा घोडा पांढराशुभ्र, नाव हिरा. रेल्वे स्टेशन ते राजकमल चौक, तिथून अंबादेवी, कधी बडनेऱ्यापर्यंत, असा त्याचा दिवस जायचा. संध्याकाळी चाचा त्याला खरारा करत, तोबऱ्यात भिजवलेले हरभरे भरत आणि आम्हा पोरांना सांगत, "याच्या मागून जाऊ नोका बरं, पुढून या, बोलत बोलत या." जनावराजवळ कसं जावं हे मी चाचांकडून शिकलो. पुढे पोरांशी बोलताना तेच कामी आलं!

त्या दिवाळीच्या सुमारास मला लाकडी गाडी करायची हुक्की आली होती. वाण्याकडून चहाच्या खोक्याची एक फळी मिळाली. तिला दोन खिळे होते, ते काढायचे होते. दगडाने ठोकत मी हिऱ्याच्या ठाणाजवळ बसलो होतो. आईने जेवायला हाक मारली तशी फळी तिथेच टाकून पळालो. खिळे वर करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरा ठाणातून बाहेर निघाला तेव्हा मागचा एक पाय जपून टेकत होता. मी पाहिलं. फळीही पाहिली, गवतात पडलेली. तिच्यात आता एकच खिळा होता.

मी काय करायला हवं होतं हे कुणीही सांगेल. मी काय केलं ते सांगतो. चाचा गेल्यावर मी घाईघाईने ती फळी लपवायला गेलो आणि अनवाणी पायाने उरलेल्या खिळ्यावर पाय दिला. रक्त आलं. तशाच पायाने जाऊन फळी नाल्यात फेकून दिली. घरी सांगितलं, मैदानावर खेळताना खिळा लागला. वडिलांनी दोन थपडा दिल्या आणि सायकलवर बसवून इर्विन दवाखान्यात नेलं. तिथे आधी हातावर थोडंसं औषध टोचून पाहिलं, काही वेळ थांबवलं, मग मोठं इंजेक्शन दिलं. डॉक्टर वडिलांना म्हणाले, धनुर्वात होऊ नये म्हणून आहे. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्या दिवशी.

हिरा दोन-तीन दिवसांत नीट चालू लागला. मी सुटकेचा श्वास टाकला. दहा-बारा दिवस झाले असतील. एका सकाळी तोबरा बांधला तर हिरा खाईना. तोंड पुढे करायचा, पण जबडाच उघडेना. कान ताठ, शेपूट वर उचललेलं, चारही पाय फाकवून लाकडाच्या घोड्यासारखा उभा. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा बुबुळावर यायचा. आईच्या हातून पितळेचं पातेलं पडलं, तर त्या आवाजाने त्याचं सगळं अंग असं ताठलं की मी घरात पळालो. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं गार वारं लागलं. चाचांनी मिठाने दृष्ट काढली. गुरांच्या डॉक्टरांना आणलं तोवर उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी हिरा आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. पाचव्या दिवशी गेला.

एवढ्यावर थांबलं नाही. त्याच वर्षी आपल्या देशात घोड्यांची एक मोठी साथ आलेली होती. आफ्रिकन हॉर्स सिकनेस म्हणतात ती. मध्यपूर्वेतून पसरत आलेली, बारीक चिलटांमुळे होणारी. पेपरात आलेलं असणार, कारण वाड्यात लोक बोलू लागले की हीच ती साथ. धनुर्वात एका जनावराचा दुसऱ्याला लागत नाही, पण हे सांगणार कोण? चाचांनी दुसरा घोडा उधारीवर आणला, तर लोक त्यांच्या टांग्यात बसेनात. मालकाने पडवी धुऊन घ्यायला सांगितलं आणि मग रिकामी करायला सांगितलं. उन्हाळ्याआधी चाचा बिऱ्हाड गुंडाळून अकोल्याला भावाकडे निघून गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शिक बाबू, लय शिक."

मी शिकलो. बी.ए. झालो, मास्तर झालो. नोकरीच्या पहिल्याच वर्षांत आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. विज्ञानाचे शिक्षक मुलांना सांगत होते की, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि सापाच्या विषावरची लस कशी तयार करतात. घोड्याला विष अगदी थोडं थोडं, वाढत्या मात्रेने टोचायचं. त्याच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं. मग रक्त काढून त्यातून ते द्रव्य वेगळं करायचं. बेरिंग आणि किटासाटो या दोघांनी १८९० साली ही वाट दाखवली आणि पहिल्या महायुद्धात घोड्यांच्या या रक्तद्रव्याने असंख्य सैनिक धनुर्वातापासून वाचले. आपल्याकडे हाफकिनचे घोडे याच कामासाठी पुण्याजवळ पिंपरीला पाळले आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालणारं औषध घोड्यांच्या रक्तातून येतं. आपल्या वऱ्हाडात तुरीच्या, कपाशीच्या वावरात साप चावून जो शेतकरी दवाखान्यातून चालत घरी येतो, तो कुठल्यातरी घोड्याच्या उपकारावर येतो.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. इर्विनमध्ये माझ्या दंडात गेलं ते घोड्याचंच देणं होतं. त्याच फळीचे दोन खिळे. एक माझ्या पायात, एक हिऱ्याच्या. मला घोड्याने वाचवलं. घोड्याला वाचवणारं औषध मला माहीत होतं, नाव सुद्धा माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

असो. पुन्हा १९८६ कडे येतो.

त्या मुलाच्या घरी मी एका रविवारी गेलो. अकोल्याच्या जुन्या शहरात, बोळात घर. चाचा खाटेवर बसले होते, दाढी पांढरी झालेली. मला ओळखायला वेळ लागला. मग एकदम म्हणाले, "मास्तर झाला? अच्छा केलं बाबू." चहा झाला. अंगणात लग्नाच्या वरातीची एक घोडी बांधली होती. टांग्याचा धंदा ऑटोरिक्षाने खाल्ला, म्हणून मुलाने वरातीचा धंदा धरला होता. बोलता बोलता चाचा उठले, घोडीचा एकेक पाय उचलून गुडघ्यावर घेतला, आणि बोटाने खुराखालचा मऊ भाग चाचपून पाहिला. चारही पाय. म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ पाहा लागते. एक दिवस चुकला का गेला."

मी सांगायलाच गेलो होतो. सांगितलं नाही. मनात म्हटलं, म्हातारा माणूस, कशाला जुनी जखम उकरायची? खरं म्हणजे मला माझीच जखम उकरायची नव्हती. १९९१ साली चाचा गेले. मी मातीला गेलो होतो.

आता २०१२ सालची गोष्ट. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तो मुलगा आता चाळिशीला टेकलेला, बापाचा धंदा चालवणारा. दोन घोड्या आणि एक बग्गी. आमच्याच कॉलनीतल्या एका मुलाचं लग्न होतं, घोडी त्याचीच, चांदणी नावाची. सात वर्षांची, अंगाने भरलेली, पांढरी. हिऱ्यासारखीच.

वरात मांडवाच्या दारापर्यंत आली आणि चांदणी अडली. पुढे होईना. बँडवाले वाजवतायत, पोरं नाचतायत, नवरदेव वर बसलेला, आणि कुणीतरी जोरात ओरडलं, "अरे फिरव तिले, फिरव!" मी जवळच होतो. मागचा उजवा पाय तिने अर्धा वर उचलून धरला होता. मांडवाची मोडकी फळी रस्त्यावर पडली होती.

त्याने पाय उचलला, खिळा दिसला, आणि तो म्हणाला, "काही नाही सर, काढतो. घरी जाऊन हळद-तेल भरतो, वरून डांबर थापतो, सकाळपर्यंत ठीक होते."

मी चारशे माणसांच्या समोर ओरडलो, "हळद-डांबर काही भरायचं नाही!" शाळेत सुद्धा मी इतक्या जोरात कधी ओरडलो नसेन. बँड थांबला. नवरदेवाला खाली उतरावं लागलं, तो उरलेली पन्नास पावलं पायी गेला. नवऱ्याचे मामा माझ्यावर नाराज झाले ते आजतागायत आहेत.

त्या रात्री आम्ही जेवढं जमेल तेवढं केलं. कुठल्या जागी, कुठल्या दिशेने, किती खोल खिळा गेला हे बघून ठेवलं, मग तो सरळ ओढून काढला आणि जपून ठेवला. पाय स्वच्छ पाण्याने, मग औषधाच्या पाण्याने धुतला, स्वच्छ कापडात बांधला. पहाटे टेम्पोत चढवून तिला कृषिनगरला नेलं, स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेच्या दवाखान्यात. अकोल्याच्या लोकांना ही संस्था "व्हेटर्नरी कॉलेज" म्हणूनच माहीत आहे. आधी पंजाबराव कृषी विद्यापीठाची होती, २००० साली नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाल्यापासून त्यांच्याकडे आहे.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं टीटी कधी दिलं होतं?" आमचा पठ्ठ्या माझ्याकडे पाहू लागला. जणू मी परीक्षेत न शिकवलेला प्रश्न विचारला होता.

डॉक्टरांनी खुराचा तळ खिळ्याच्या वाटेने थोडा कोरून मोकळा केला, म्हणजे आतली घाण बाहेर यायला वाट राहते. मानेच्या एका बाजूला तयार प्रतिद्रव्याचं इंजेक्शन दिलं, जे लगेच काम करतं पण काही आठवड्यांतच संपतं. दुसऱ्या बाजूला लस दिली, जी हळू काम करते पण टिकते. शिवाय पेनिसिलिन. मग त्यांनी मला जे समजावलं ते इथे लिहितो, कारण कुणाच्यातरी उपयोगी पडेल.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि घोड्याच्या लिदीत तर असतातच. म्हणजे घोडा जिथे उभा असतो तिथे ते चोवीस तास पायाखाली असतात. त्यांना हवा सोसत नाही. उघड्या जखमेत ते वाढत नाहीत, पण खोल, अरुंद, वरून बुजलेल्या जखमेत त्यांचं फावतं. आणि पाळीव जनावरांत या विषाला सगळ्यात हळवा घोडा. गाय-बैल पुष्कळ सोसतात, घोडा सोसत नाही. एकदा जबडा बसला की वाचणारे थोडे. अंधाऱ्या, शांत जागी ठेवून, कानात कापूस घालून, दिवसच्या दिवस झुंजावं लागतं. उलट लस किती सोपी! पहिली मात्रा, महिना-दीड महिन्याने दुसरी, मग दर वर्षी एक. गाभण घोडीला विण्याच्या महिनाभर आधी, म्हणजे शिंगराला चिकातून पहिलं संरक्षण मिळतं. एका वरातीच्या बिदागीच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

"मग हळद-डांबर?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हळदीचं सोडा. वरचं डांबर म्हणजे जंतूंसाठी झाकण लावल्यासारखं आहे. आपणच हवा बंद करतो."

हे ऐकून आमचा विद्यार्थी एकदम खाली बसला. मला वाटलं, रात्रभराच्या जागरणाने चक्कर आली. आम्ही बाहेर कडुलिंबाखालच्या ओट्यावर येऊन बसलो. आणि तिथे, बावन्न वर्षांनी, मी त्याला सगळं सांगितलं. फळी, दोन खिळे, इर्विन, नाला, सगळं. बोलताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, खिळा आजोबाले मालूम होता."

मला कळेना.

"त्यायनंच तं काढला होता हिऱ्याच्या पायातून. त्याच दिवशी, स्टेशनवर. हळद-तेल भरलं, डांबर थापलं अन् नालबंदाकडून वरून नाल ठोकून घेतली. चांगला चालाले लागला म्हून विसरून गेले. मंग अकोल्याले आल्यावर एका डॉक्टरनं सांगितलं का असं बुजवल्यानंच होते. तवापासून ते म्हणे, माह्या हिऱ्याले म्याच मारलं. मरेपर्यंत म्हणत होते सर. म्हून तं रोज पाय पाहे."

मी १९८६ च्या त्या रविवारी तोंड उघडलं असतं तर? माझा गुन्हा अर्धा झाला असता की नाही ठाऊक नाही, पण त्यांचा अर्धा नक्की झाला असता. दोन माणसं एकाच घोड्याच्या मरणाचं ओझं अख्खं अख्खं वाहत होती, समोरासमोर बसून चहा पीत होती, आणि दोघंही गप्प! मास्तर असून मला एवढं सुचलं नाही, की जे माहीत आहे ते सांगायचं असतं. शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं?

तो मला म्हणाला, "जाऊ द्या सर. तुमी लहान होते, आजोबा अडाणी होते. लस कोणालेच मालूम नव्हती." मी म्हटलं, "मला मालूम होती. मला टोचली होती." यावर तो काही बोलला नाही. उठून चांदणीला पाणी दाखवायला गेला.

चांदणी वाचली. सव्वा महिना कामाला जुंपली नाही, पण वाचली.

त्यानंतर मी मला येतं ते एकमेव काम केलं. हजेरीपट तयार केला! शाळेचा असतो तसाच लांब कागद आखून, डावीकडे घोड्यांची नावं, वर महिने. टीटीची तारीख, जंताच्या औषधाची तारीख, नाल बदलल्याची तारीख (पाच-सहा आठवड्यांनी बदलायचीच, खूर नखासारखा वाढतच असतो), दात घासून घेतल्याची तारीख. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि कडा धारदार होऊन गालाला लागतात. मग जनावर खात नाही आणि आपण म्हणतो नखरे करतंय. डॉक्टरांनी आणखी रकाने सुचवले. पुढे पुढे मलाच त्यात गोडी लागली आणि वाचत गेलो.

उन्हाळा आपल्याकडचा. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा आणि वैशाखातल्या लग्नांची गर्दी एकाच वेळी. घोड्याला एरवीच दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, या दिवसांत त्याहून कितीतरी जास्त. पाणी कमी पडलं, कोरडं कुटार पोटात अडकलं, की पोटशूळ. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, हे मला माहीतच नव्हतं! आत गेलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावरची. घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला, पाय झाडू लागला, लोळू लागला, की तोबरा काढून घ्यायचा आणि आधी डॉक्टरला फोन. दारू, हिंग, तेल नाकातोंडात ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. पोट लहान असल्याने चंदी एकदम न देता दिवसातून तीनदा थोडी थोडी. बुरशी आलेला कडबा वा कुटार स्वस्त मिळालं तरी नको.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. खुराच्या खाचा सडतात, म्हणून उभं राहायची जागा उंच आणि कोरडी. याच दिवसांत गोमाश्या. त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रोग पसरतो, ताप येतो-जातो, घोडा खातो पण वाळत जातो. त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याने १८८० साली आपल्याच उपखंडात, डेरा इस्माईल खानला शोधला. रक्त तपासलं तर कळतं, वेळेत कळलं तर औषध आहे.

आणि चातुर्मास! चार महिने मुहूर्त नाहीत, घोड्या ठाणावर उभ्या. मालकाला वाटतं, बिचारी वर्षभर राबते, आता खाऊ दे. पण काम नाही आणि चंदी पुरती, मग तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच वरातीत जनावर शंभर पावलांवर घामाघूम होऊन अडतं. मागचे स्नायू दगडासारखे, लघवी कॉफीसारखी. विलायतेत याला "सोमवार सकाळचा रोग" म्हणत, कारण रविवारच्या सुट्टीत पूर्ण खुराक खाऊन उभे राहिलेले गाडीचे घोडे सोमवारी जुंपले की असे अडत. १९८६ साली शेवटच्या बाकावरून मला जे सांगितलं गेलं होतं ते हेच. म्हणजे कोड्याचं उत्तर बरोबर होतं, फक्त अर्धं होतं.

हजेरीपटात एक रकाना लाल शाईचा आहे. ग्लँडर्स. २००६ साली आपल्या महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणीकडच्या घोड्यांत हा रोग बऱ्याच वर्षांनी पुन्हा निघाला. नाकातून चिकट पू, अंगावर गाठी, फोड. याला लस नाही. उपचार करायला परवानगी नाही, कारण तो माणसालाही होतो. रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून तपासून नक्की झालं की त्या जनावराला शांतपणे मारावं लागतं. २००९ चा कायदा तसं सांगतो, आणि मालकाला भरपाईही मिळते. इथे माणसाची खरी परीक्षा होते. ज्याचं पोट एका घोडीवर आहे त्याने नाकातला पू पाहून डॉक्टरला बोलवायचं की बाजारात विकून मोकळं व्हायचं? गप्प बसण्याचा मोह किती मोठा असतो हे मी कुणाला सांगू? पण एक लपवला तर दहा जातात. म्हणून दुसऱ्याच्या घोड्याबरोबर बादली, तोबरा, लगाम काहीच वाटून घ्यायचं नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून नवीन जनावर आणलं तर तीन आठवडे वेगळं बांधायचं, रक्त तपासून मगच इतरांत.

जुनी माणसं घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला शब्द, आता बोलण्यातून गेला. आमच्या चिखलदऱ्याच्या वैराटला विराटाची नगरी मानतात. खरं असेल तर अज्ञातवासात नकुल इथेच ग्रंथिक नाव घेऊन राजाचे घोडे सांभाळत होता. राजपुत्र असून खरारा करत होता! पोरांना हे सांगितलं की ती अर्जुनाचं, भीमाचं विचारतात. नकुलाचं कुणी विचारत नाही. बरं करणाऱ्याची गोष्ट सांगण्यासारखी होत नाही, आणि आजारच होऊ न देणाऱ्याची तर मुळीच नाही. काही घडलंच नाही, मग सांगणार काय?

आता त्या विद्यार्थ्याचा मुलगा हजेरीपट भरतो, मोबाईलवर. मला दर महिन्याला फोटो पाठवतो, मी चुका काढतो. जुन्या सवयी! बोळातल्या इतर चार घोडेवाल्यांनीही तो उतरवून घेतला आहे. पाचव्याने नाही घेतला. तो म्हणतो, आमच्या बापजाद्यांनी कधी टोचलं नव्हतं. मी त्याच्याकडे अधूनमधून जाऊन बसतो. घाई करत नाही, पण गप्पही बसत नाही.

चांदणी वीस वर्षांची झाली. वरातीला जात नाही आता, अंगणात उभी असते. दात झिजलेत म्हणून भरडा भिजवून देतात. मागच्या आठवड्यात गेलो होतो. गुडघे दुखतात, तरी वाकलो, मागचा उजवा पाय उचलून घेतला आणि बोटाने चाचपून पाहिला. जुन्या खिळ्याची जागा कुठे होती ते आता सांगता येत नाही. नवं खूर केव्हाच खाली उतरलंय.

येत्या सोमवारी तिचं टीटी आहे. सकाळी आठला. डॉक्टर येणार आहेत, मीही जाईन.